शर्यतीचं शुद्धलेखन

२ एप्रिल १९७२
ठरलं. यंदा आई नंबर लावून धावणार. सान इसिद्रोच्या सणाची शर्यत ती अकरा वर्षं धावते आहे, चौकापासून टेकडीवरच्या देवळापर्यंत. दोरीच्या चपला, लांब घागरा. नंबर नाही, निकालात नाव नाही. सगळ्यांत शेवटी येते. सज्जातून शेजारची ओतिलिया ओरडते, "एर्मेलिंडा आली, आता रस्ता झाडून घ्या." आई खालून म्हणते, "झाडू तुझाच टाक." सगळे हसतात. मला हसू येत नाही. घरात पहिली पदवीधर मी. हक्क कागदावर हवा, हे मला नाही कळणार तर कुणाला?

५ एप्रिल
आईला सांगितलं. बटाटे सोलत होती. म्हणाली, मला कोण अडवतंय? वर्षातून एक दिवस हातात लोकांच्या धुण्याची बादली नसते, तेवढं पुरे. तिला मुद्दाच कळला नाही. दोन तास समजावलं.
उद्यापासून पहाटे मीही तिच्याबरोबर धावणार.

६ एप्रिल
उठले नाही. अर्ज महत्त्वाचा.

९ एप्रिल
अर्ज दिला. चार पानं. नियमात फक्त 'गावचे रहिवासी' आहे. शब्द पुल्लिंगी, पण व्याकरणाने त्यात बायकाही येतात. शर्यतीच्या समितीचे अध्यक्ष आन्सेल्मोकाका फार सभ्य. सगळं वाचलं. म्हणाले, इतक्या वर्षांत ही संदिग्धता कुणाच्या लक्षातच आली नव्हती. तुमच्यामुळे आली, बाई.
घरी येताना तरंगत होते.

१० एप्रिल
पाय दुखतोय. धावणं सोमवारपासून.

२१ एप्रिल
समिती नियम नव्याने लिहिते आहे. भाषा तपासायला मला बोलावलं! मजकूर समितीचा, भाषा बाईंची, असं काका म्हणाले. आईला सांगितलं. ती म्हणाली, मग बरं.

२३ एप्रिल
मसुदा आला. 'भाग घेणारे: गावचे रहिवासी, म्हणजे पुरुष वगैरे.' काय ही भाषा! नियमात 'वगैरे' चालत नाही. खोडला. आता 'गावचे पुरुष रहिवासी'. स्वच्छ.
हे पहिलं कलम. बायकांचं दुसऱ्या पानावर असणार. ते अजून टाइप झालेलं नाही.

३ मे
दुसऱ्या पानाचं विचारलं. काका म्हणाले, छापून येऊ दे. तळाशी माझं नाव घालणार आहेत. फार विचारणं बरं दिसत नाही.
आईसाठी कापडाचा नंबर शिवला. ४७. तिचं वय.

१५ मे
नियम सकाळी चौकात लागले. एकच पान.
काकांनी टोपी काढून आईला नमस्कार केला आणि कागदाकडे बोट दाखवलं. इतकी वर्षं आमचंच चुकलं, म्हणाले. आईला वाचता येत नाही. नंबर लावून उभी होती. मला म्हणाली, "वाच."
वाचलं. खाली काय आहे विचारलं, म्हणून माझं नावही वाचलं.
शिट्टी झाली. सगळे धावत गेले. ओतिलिया सज्जात होती. यंदा काही ओरडली नाही.
आई एकेक टाचणी काढत होती. मी तिला सांगितलं, आधी त्यात 'वगैरे' होतं, मी खोडलं.
"वगैरे म्हणजे कोण?"
"तू."
तिने नंबरची घडी केली, माझ्या हातात दिली.
"लिहिलंयस छान," म्हणाली. "एकदा ऐकून कळलं."