मला ओळखणारं घुबड

६ नोव्हेंबर
मोठ्या बाईंनी आज स्टाफरूममध्ये जाहीर केलं, पुढच्या वर्षीपासून शाळेत पर्यावरणप्रमुख नेमणार. स्वतंत्र केबिन. सातवीची निसर्गसहल कशी होते ते बघून विचार करू म्हणाल्या. विचार कसला करायचाय? या शाळेत निसर्ग कळणारा माणूस एकच आहे आणि तो आत्ता हे लिहितोय. सहलप्रमुख मी. जीवशास्त्राच्या बेडूकबाई मदतीला. असू देत, पाण्याच्या बाटल्या कोणीतरी मोजायला हव्यातच.
लेक सातवीतच आहे. दारावर बापाच्या नावाची पाटी बघून तिची मान ताठ होईल.
उद्यापासून पहाटे उठून जंगलाची पाहणी.

७ नोव्हेंबर
थंडी फार. मी भूगोलाचा माणूस, पाहणी नकाशावरही होते.

११ नोव्हेंबर
अखेर जंगलात जाऊन आलो. काच खाली करून गाडीतूनच पाहिलं. भिकार जंगल. एक पक्षी धड दिसेल तर शपथ. जे होते ते चिमूटभर, तेही एका जागी बसायला तयार नाहीत. यांच्या भरवशावर माझी केबिन सोडू?

१३ नोव्हेंबर
तोडगा सापडला. प्रयोगशाळेच्या कपाटावर पेंढा भरलेलं घुबड कित्येक वर्षं धूळ खातंय. बेडूकबाईंना विचारलं नाही, त्या नसते फाटे फोडतात. पिशवीत घालून घरी आणलं. लेकीनं विचारलं, बाबा, हे ढापलंत का? तिला समजावलं, शैक्षणिक साधन ढापता येत नाही.

१६ नोव्हेंबर
घुबड फांदीला तारेनं बांधून आलो. पँट फाटली. पण लांबून अगदी जिवंत दिसतं. जवळूनही दिसतं, चष्मा काढला तर.

१७ नोव्हेंबर
सहल. पोरांनी बसमधून उतरल्या उतरल्या चिप्सची पाकिटं फोडली. यांना निसर्ग दाखवायचा म्हणजे म्हशीपुढे नकाशा धरायचा. तरी तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना झाडाखाली नेलं. मोठ्या बाईंना हळूच सांगितलं, दोन वर्षं याचा अभ्यास करतोय, मला ओळखतं, म्हणून उडत नाही. बाई खूश. मी मनात केबिनच्या पडद्यांचा रंग ठरवत होतो.
तेवढ्यात कावळे आले. आधी एक, मग त्याचं अख्खं खानदान. दिवसाउजेडी घुबड दिसलं की कावळे त्याच्यावर तुटून पडतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आधी डोळा पडला. काचेचा. घरंगळत मोठ्या बाईंच्या चपलेपाशी थांबला. मग पेंढा. मी काठी घेऊन धावलो तर कावळे माझ्यावर उलटले. पोरं कावळ्यांच्या बाजूनं ओरडत होती.
बेडूकबाईंनी संधी साधली. कावळे असं का करतात ते सांगत सुटल्या. जी पोरं माझ्या तासाला पेंगतात, ती चक्क वह्या काढून लिहीत होती. घुबड माझं, टाळ्या त्यांना!
मोठ्या बाईंनी विचारलं, हेच का तुम्हाला ओळखतं? मी म्हणालो, हे त्याचं भावंड असावं.

२० नोव्हेंबर
आजवरची सगळ्यात भारी सहल, असं मुलं सगळीकडे सांगताहेत. सहलप्रमुख कोण होतं? पडदे हिरवेच घेईन.

२४ नोव्हेंबर
पर्यावरणप्रमुख बेडूकबाई. राजकारण, दुसरं काय. मात्र पुढच्या सहलीलाही मी हवाच आहे. बसपाशी थांबून दप्तरं सांभाळायची. मोठ्या बाई म्हणाल्या, विश्वासाचं काम आहे. घरी तसंच सांगितलं. लेक जेवणातून उठून गेली. भूक नसेल.

१५ डिसेंबर
बेडूकबाईंची सहल. मी दप्तरांपाशी, सावलीत. जंगल दाखवायला आलेल्या बाईंनी लेकीला विचारलं, ते तिथे बसलेत ते कोण?
लेकीनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, बसबरोबर आलेत.
तसं खोटं काही नाही. मी बसबरोबरच आलो होतो.