मांडीखालचा माइक

१२ ऑगस्ट, मंगळवार
पुढची पिकअप मला मिळाली! नोलीनच्या ट्रकवर अख्खं लाकडी घर, त्याच्या मागे डार्सीची पिकअप, आणि सगळ्यांच्या पुढे मी. छपरावर पिवळा दिवा. इथं सगळ्यांच्याच गाडीत वायरलेस असतो; समोरून कोणी आलं की त्यावर सांगायचं — बाजूला व्हा, घर येतंय.

नोलीन म्हातारीने बजावलं, थोडक्यात बोल आणि बोलून झालं की माइक हुकला लटकव. "खेळणं नाही ते, पोरा. तू बटण दाबलंस की बाकी सगळे मुके."

घर क्लोनकरी गावाला पोचेपर्यंत नीट वागलो तर ही पिकअप कायमची माझी. नाहीतर परत केळीच्या बागेत घड वाहायला. मेलो तरी जाणार नाही.

१३ ऑगस्ट
समोरून कॅरव्हॅनवाले एक आजोबा. मी वायरलेसवर गंभीर आवाजात सांगितलं, मागून घर येतंय, स्वयंपाकघर तुमच्या बाजूला आहे, चहा घेऊन जा. आजोबा खरंच रिकामा कप घेऊन रस्त्याकडेला उभे! डार्सी जेवणापर्यंत खिदळत होता. नोलीनने माइकच्या हुकाकडे बोट दाखवलं.

१४ ऑगस्ट
एमू दिसले. वायरलेसवर बोललो नाही. शहाणा झालोय.

१५ ऑगस्ट
आज फजिती!

घाटाच्या पायथ्याशी अरुंद पूल. समोरची वाहनं अडवायची म्हणून मी पुढे जाऊन पुलावर पिकअप आडवी लावली. कोणी येईना. माइक हुकला लावायचा कंटाळा — टाकला सीटवर, आणि त्याच्यावरच बसलो. बटण मांडीखाली दाबलेलं, मला पत्ता नाही. मोकळ्या गळ्याने गात सुटलो. मधे नोलीनच्या मटणाच्या रश्श्यावर भाषण — बूट उकळल्यासारखा लागतो वगैरे. आसपासच्या सगळ्या गुरांच्या ट्रकवाल्यांनी ऐकलं म्हणे.

गाणी संपली तरी घर येईच ना. उठून चालत वर गेलो. वळणावर ट्रक दरडीला घासून उभा. व्हरांड्याचा भुगा! नोलीन चाकाला टेकून खाली बसलेली. मी विचारलं, एवढा डोंगर दिसला नाही का गं तुला?

"अंदाज चुकला," एवढंच म्हणाली.

रश्श्याबद्दल चकार शब्द नाही. पिकअप शाबूत. सुटलो!

१६ ऑगस्ट
दिवसभर तिथंच. नोलीन ट्रकखाली, हात काळे. वायरलेसवर ट्रकवाले माझ्याकडे फर्माइशी करतायत, गाण्यांची नावं सांगून. मजा आहे.

घराच्या मालकिणीचा फोन आला, ती इतकी किंचाळत होती की मला लांबून ऐकू येत होतं. नोलीन नुसती म्हणत होती, हो, चूक माझीच.

मी डार्सीला म्हटलं, म्हातारीचे डोळे तपासून घ्यायला हवेत. एरवी कशालाही हसणारा माणूस — हसला नाही. कपातला चहा मातीत ओतला आणि निघून गेला.

१७ ऑगस्ट
सांगायचं नाही म्हणून नोलीनने डार्सीला दम दिला होता. तरी त्याने आज सांगितलं.

घाटात ट्रकचे ब्रेक तापून गेले. खाली पुलावर मी आडवा. ती माइकमध्ये ओरडत होती — पूल सोड, पोरा, पूल सोड — मागून डार्सीही. वायरलेसवर फक्त माझं गाणं.

मग तिने घर दरडीवर घातलं.