वायरीला लागलेलं कुंकू

चंटी,

मी तेनालीला निघाले. भात झाकून ठेवलाय, गोंगुऱ्याची चटणी बरणीत आहे.

अम्माचा बंद पडलेला टॅब काल तुझ्या कॉम्प्युटरला जोडला. नान्ना गेले, आता बापाचा आवाज तेवढा त्यातच आहे, म्हणून नवं सॉफ्टवेअर जपून चढवणार होते. आधी कॉम्प्युटरला टॅब ओळखायला लागतो तो ड्रायव्हर टाकायला गेले, तर कॉम्प्युटर म्हणतो, तो आधीच टाकलेला आहे! तू तर म्हणालास, "अक्का, मी हातसुद्धा नाही लावला." मग दसऱ्याच्या पूजेत अम्मानं टॅबला लावलेलं कुंकू तुझ्या वायरीच्या टोकाला मी जोडायच्या आधीच कसं रे?

संध्याकाळी अम्मानं नान्नांचा आवाज लावला, की तू चपला घालून बाहेर पडतोस. मला काय दिसत नाही? पण तो आवाज पुसायचाच होता, तर अर्ध्यावर हात का थांबला तुझा? टॅब त्यानंच बंद पडलाय.

सॉफ्टवेअर चढवलेलं नाही, उरलासुरला आवाजही जायचा. टॅब मी बरोबर नेतेय. अम्माला सांगितलं, चार्जिंगला असताना वीज खालीवर झाली, त्यात बिघडला. तिनं "बरं" म्हटलं. मग तिनंच तुझी ती वायर पदरानं स्वच्छ पुसली आणि होती तिथं ठेवून दिली.

अक्का