गोठ्यातली अभ्यासाची खोली

मंगळवार, संध्याकाळ

मुलांच्या गुणांमागे घरची परिस्थिती किती, हे मोजणारं माझं आकडेवारीचं मॉडेल आज परत अडलं. 'अभ्यासाला स्वतंत्र खोली आहे का?' या प्रश्नावलीतल्या प्रश्नाला पन्हाळ्याकडच्या इतक्या मुलांचं 'हो'? पटेना. शेवटी त्यातल्या एका मुलीला, सारिकाला फोन लावला.

"खोली हाय की मॅडम, गोठा! म्हशी गप रवंथ करत्यात. घरात टीव्ही चालू असतोय."

तिचं 'हो' खोडून 'नाही' करायला बसले. आकडे लगेच सरळ झाले असते. पण ती खोटं कुठं बोलली? जागा आहे, शांतता आहे. राहू दे ते 'हो'. प्रश्नच माझा चुकला.

आमच्याकडे अभ्यासाची खोली खास बांधलीय. तिथं इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग आहे, आणि मी हे ओट्यापाशी उभ्यानं लिहितेय.