एक इंच आत

९ मे

टाळेबंदीचा सत्तेचाळिसावा दिवस. आई दवाखान्यात आया आहे, रोग घरी यायला नको म्हणून तिकडेच राहते. फोनवर रोज तेच – "चिंगीकडे बघ हं. तू मोठा आहेस." बघतो. धाकटी बहीण काय खाते तेसुद्धा इथे लिहितो. आज अर्धं ताट परत.

हात अकरा वेळा धुतले. कडी तीनदा पाहिली.

१२ मे

चिंगीने तिच्या खोलीच्या दाराच्या फटीतून कुर्ता बाहेर सरकवला. "दादा, सैल होतोय. आत घे." दोन्ही बाजू मिळून एक इंच घेतला. एक टाका वाकडा आला, उसवून पुन्हा घातला. दुकान बंद झाल्यापासूनचं पहिलं काम! बरं वाटलं.

चिंगी – दोन घास भात.

१९ मे

तोच कुर्ता. आणखी एक इंच. "फॅशन आहे का गं ही?" शाळा फोनवर भरते, ही कॅमेरा बंद ठेवते.

माझ्या पट्ट्याला नवं भोक पाडलं. टोचा बोथट झालाय.

चिंगी – चहा. बाकी सगळं परत.

२० मे

मास्तरांना फोन केला. आठवीत शाळा सुटली तेव्हापासून त्यांच्याच दुकानात शिवतो. जरा फुशारकीच मारली – दोनदा आत घेतला, पण शिवण दिसत नाही!

मास्तर म्हणाले, "आठवड्यात दोन इंच? कापड वाढलं काय रे, शहाण्या? पोरगी आटत चाललीय आणि तू मला शिवण सांगतोस!"

आठ दिवस कुर्ता बघत होतो मी.

तिच्या दाराशी जाऊन बसलो. "चिंगे, शिवायचं काही नाही. तुलाच बघायला आलोय."

आतून – "घास उतरतच नाही रे दादा. आई परत आली नाही तर?"

धीर द्यायला हवा होता. तोंडातून निघालं, "मलाही तीच भीती वाटते."

कडी निघाली.

२१ मे

आईला सगळं सांगितलं. रडली. मग म्हणाली, "बरं केलंस सांगितलंस." तिच्या दवाखान्यात मनाच्या डॉक्टरबाई आहेत, त्या उद्यापासून चिंगीशी फोनवर बोलणार.

कुर्ता उसवून दोन्ही इंच सोडले. आतलं कापड कापलं नव्हतं. मास्तरांची शिस्त.

चिंगी – वाटीभर भात!

२४ मे

चिंगी बाहेर येऊन बसली. मग उठली, माझ्या गळ्यातली टेप ओढून माझ्याच कमरेला लावली. "दादा, सव्वीस. तुझी पँट तिसाची होती ना? शेवटचं नीट कधी जेवलास?"

आठवेना. म्हणून ही वही चाळली. तिचा घास न् घास लिहिलेला आहे. माझा एकही नाही.