पाठ करून बसायची रीत

माय,

तुझा एसटीडी बूथ आता झेरॉक्सचं दुकान झालाय, हे तुला सांगायचं राहूनच गेलं. हायवेला लागून तीच खोली आहे, लाखनीकडे जाणारे ट्रकही तसेच धडधडत जातात. काचेची केबिन मात्र मी भंगारात दिली. आता लोक ऑनलाइन अर्ज भरायला येतात. तू गेलीस त्याला सोळा वर्षं झाली, तरी दुपारी गिऱ्हाईक नसलं की तू समोर दिसतेस. केबिनमध्ये कुणी शिरलं की तू रेडिओ मोठा करायचीस, सूप मांडीवर घ्यायचीस आणि केबिनकडे पाठ करून तांदळातले खडे निवडत बसायचीस. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायचीस! मला हसू यायचं. एकदा एक ट्रकवाला आत ढसाढसा रडत होता, मी मान वळवून बघितलं, तर तू माझ्या गुडघ्यावर चापट मारलीस. "माणूस आपल्या घरी बोलून राहिला. तू कायले पायतेस?"

गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यानंतरची ती वर्षं. एके दिवशी साध्या कपड्यातला एक माणूस येतो, सरकारी ओळखपत्र दाखवतो आणि इथून कोण कुठं फोन करतं त्याच्या चिठ्ठ्या मागतो. मशीनमधून नंबर छापलेल्या दोन चिठ्ठ्या निघायच्या. एक गिऱ्हाइकाला, दुसरी तू रोज सकाळी चुलीत घालायचीस. "लेखी कागद आना साहेब, मंग पाहू," म्हणालीस आणि त्याला चहाही विचारला नाहीस. तो परत आला तेव्हा तू लग्नाला पवनीला गेली होतीस. कागद त्याच्याकडे नव्हताच. तीन दिवसांच्या चिठ्ठ्या मात्र माझ्या आळसामुळे तशाच पडल्या होत्या. मी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि चिठ्ठ्याही दिल्या. वर शहाणपणानं म्हटलं, कर नाही त्याला डर कशाला! बावीस वर्षांची होते, सरकारच्या कामी आले म्हणून छाती फुगली होती.

चिठ्ठ्यांत संशयाचं सापडलं काहीच नाही. पण तो घरोघर विचारत फिरला. मागच्या आळीतली विणकराची सून आठवते ना, दर बाजाराच्या दिवशी थैली घेऊन यायची, दोन मिनिटं बोलायची आणि हसत बाहेर पडायची? तिला त्यानं अंगणात, सासऱ्यासमोर विचारलं, हा नंबर कोणाचा. बहिणीचा, ती म्हणाली. खरंच होतं ते. जातीबाहेर लग्न केलं म्हणून त्या बहिणीचं नावसुद्धा घरात घ्यायचं नाही, असं ठरलेलं. पुढच्या बाजाराला थैली घेऊन तिची सासू आली.

तू पवनीहून आलीस, तुला कळलं. मी म्हटलं, "तिनं काही गुन्हा केला नाही, मग लपवायचं काहून?" तू ओरडली नाहीस. "आंग धुताना मोरीचं दार लावतेस ना? तिथं काय चोरी करतेस का?" एवढंच म्हणालीस, आणि मला हाताला धरून तिच्या दारी नेलंस. "माह्या पोरीची चूक नाही, नंबर माह्या दुकानातून गेला," असं तू तिला सांगितलंस. ती म्हणाली, "जाऊ द्या ना बाई," आणि दार लोटून घेतलं. ती पुन्हा कधी फोन करायला आली नाही. बहिणी भेटल्या का, ते मला आजही माहीत नाही. रस्त्यात दिसली की मी दुसऱ्या बाजूनं जाते.

माय, परवा एक तरुण साहेब आला होता. बोलायला गोड. म्हणाला, चोऱ्या वाढल्यात, दुकानात कॅमेरा लावा, आतला आवाजही येईल असा, आणि तो सरळ आमच्या पोलीस कचेरीला जोडा. इथं सही करा. चोर पकडले जावेत असं मलाही वाटतं. पण माझ्या बाकावर बसून बाया काय काय सांगतात! नवऱ्यानं टाकलं, गर्भपिशवी काढली, पोरगा मारतो. अर्जात लिहायचं असतं म्हणून सांगतात, तेही खालच्या आवाजात. मी चाचरले, तसा तो हसला. "म्याडम, आपुन काही केलंच नाही तर डर कायचा?" माझंच वाक्य होतं ते. मला राग आला आणि त्याहून जास्त लाज वाटली. तू असतीस तर लेखी कागद मागून मोकळी झाली असतीस.

माझ्या तोंडून निघालं, "आईले विचारून सांगते."

पंचेचाळीस वर्षांची बाई हे म्हणते, तरी तो हसला नाही. सोमवारी येतो म्हणाला. सोमवारी मी नाहीच म्हणणार आहे, मग तो काय करायचं ते करो. तू काय म्हणशील हे मला तेव्हाच ठाऊक होतं. विचारायची गरज नव्हती. पण त्यानं जाताना विचारलं, "आई घरीच असतात का?" आणि मी हो म्हटलं. सोमवारपर्यंत एका माणसाच्या लेखी तरी तू घरी आहेस.