भेट मंजूर नाही

दि. ९ नोव्हेंबर, रविवार, दुपार

ती. दादास,

धाकट्या बहिणीचा नमस्कार.

तू खुशाल असशील. विमानात झोप झाली का? तिकडची मीटिंग चांगलीच झाली असेल, तुझ्या होतातच. मीही मजेत आहे. शिवणाची कामं भरपूर आहेत, सध्या एका शाळेचे गणवेश घेतलेत. मांजर खाऊन खाऊन लठ्ठ झाली आहे. बाबांची तब्येत उत्तम. त्यांच्याबद्दल पुढे लिहितेच.

स्वतःच्याच दारावर चिकटवलेलं पत्र बघून तुला नवल वाटलं असेल. दाराशी झटापट करू नकोस. चेहरा दाखवून झाला असेल, बोट लावून झालं असेल, आता फोन काढशील. तोही दाद देणार नाही. बॅग खाली ठेव आणि वाच. समोरच्या काकू डोकावल्या तर हसून मान हलव. मी तसंच करायचे.

सुरुवातीपासून लिहिते, म्हणजे मधूनच 'मला वेळ नाही' म्हणायची सोय राहणार नाही.

बाबांच्या घरी तू ती यंत्रं बसवून घेतलीस तेव्हा स्टूल धरून मीच उभी होते. प्रत्येक खोलीत छताजवळ एक डोळा. माणूस हलला की दिवा लागणार आणि तुला ऑफिसात कळणार. पहिल्याच आठवड्यात मांजरीने तुला वेड लावलं. ती पलंगाखालून निघाली की तुझा फोन ठणाणा करायचा, 'बाबांच्या खोलीत कोणीतरी आहे.' तू वैतागून त्या बसवणाऱ्याला सांगितलंस, "गुडघ्याच्या खालचं काही मोजूच नका." तुझे शब्द. मी तिथेच होते आणि हसलेही होते.

आता माझं काम तुला माहीत आहे. मी कापड जमिनीवर पसरते, बसूनच बेतते, बसूनच कापते. बाबांच्या पलंगाला टेकून दिवसभर माझं हेच चालायचं. ते वरून गप्पा मारायचे, मधूनच कात्री मागून मिशी कापायचे. यंत्राच्या हिशेबी मी आणि मांजर सारखीच. हे तुझ्याही लक्षात आलं नाही आणि माझ्याही. इथवर चूक होती. चुकीबद्दल मी कोणावर दात धरत नाही.

पण तू आत्याला आणि मामांना बोलावलंस, टीव्हीच्या पडद्यावर यंत्राच्या नोंदींचे ते निळे-पांढरे पट्टे लावलेस आणि काठी घेऊन दाखवलंस, "हा बघा दिवस. बाबा एकटे. हा बघा दुसरा. एकटे." आत्या म्हणाली, "यंत्र कशाला खोटं बोलेल बाई?" मामांनी माझ्याकडे बघायचंच टाळलं. मी म्हणाले, "मी तिथेच बसलेली असते." तू म्हणालास, "मग दिसत का नाहीस?" त्याच दिवशी तू बाबांना तुझ्याकडे हलवलंस.

मला उत्तर सापडलं ते बाबा तुझ्याकडे राहायला गेल्यावर. रिकाम्या खोलीत मांजर इकडून तिकडे गेली आणि दिवा लागला नाही. मी जमिनीवर बसून सरकत सरकत गेले, तरी लागला नाही. उठून उभी राहिले, तर लख्ख. मी तुला सगळं सविस्तर लिहून पाठवलं, 'आत्याला आणि मामांना सांग' म्हटलं. उत्तरादाखल तू अंगठा पाठवलास. दादा, ती चूक नव्हती. तुला कळलं होतं आणि तुला तेच सोयीचं होतं.

मग मी इथे यायला लागले, तुझ्या या दारात. दार गोड आवाजात म्हणायचं, "आपली भेट मंजूर नाही. कृपया घरमालकांशी संपर्क साधा." आतून बाबांची काठी ऐकू यायची. ते विचारायचे, "कोण आलंय?" आणि तुझं घर त्यांना मोठ्याने सांगायचं, "दारात कोणीही नाही." मी ओरडायचे, पण बाबांना मोठ्याने ओरडलेलंही कमीच ऐकू येतं आणि तुझं दार जाड आहे. मी कडीवर डोकं टेकून उभी राहायचे. पुढच्या रविवारी पुन्हा यायचे.

आज आले तेव्हा काकू म्हणाल्या, तू परदेशी गेलास. बाई सकाळ-संध्याकाळ येऊन डबा ठेवते, बाकी लक्ष घर ठेवतं. म्हणजे बाबा एकटे. पट्टे काढून आत्याला दाखवू का? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

तेव्हा मला 'घरमालक' हा शब्द पहिल्यांदा नीट ऐकू आला. सवलत मिळावी म्हणून दोन्ही घरांतल्या यंत्रांचं मिळून एकच खातं तू बाबांच्या नावावर काढलंस ना? त्यांच्याकडून वाक्यं वाचून घेतलीस, आवाजाची ओळख म्हणून. बाबा तेव्हा कवायतीच्या मैदानावर असल्यासारखे ताठ उभे राहून वाचत होते. 'डावीकडे वळ, उजवीकडे वळ' म्हणत अख्ख्या शाळेला वळवलेला कवायतीच्या मास्तरांचा आवाज आहे तो.

मी काकूंकडून लाटणं मागून आणलं आणि दार बडवलं. बाबा अगदी दाराला कान लावून उभे राहिले असावेत.

"बाबा, म्हणा, दार उघड!"

"मी म्हणून काय होणार? ते तुझ्या दादाचं ऐकतं."

"म्हणून तर बघा!"

बाबांनी घसा खाकरला आणि मैदानावरची आरोळी दिली. दार उघडलं. काकूंनी टाळ्या वाजवल्या.

हे पत्र मी तुझ्याच जेवणाच्या टेबलावर बसून लिहिते आहे. बाबा आत कपडे भरताहेत. दार तुला ओळखत नाही, कारण तू आता या घराच्या यादीत नाहीस. भिंतीवरच्या पडद्यावर मी तुझं नाव दाबलं, तेव्हा घराने विचारलं, "या सदस्याला काढायचं?" मी बाबांना म्हटलं, "हो म्हणा." ते "हो" म्हणाले. काय विचारलं, कशाला विचारलं, काही नाही. इथे राहून त्यांना यंत्राने विचारलं की हो म्हणायची सवयच लागली आहे. ते दिसत असूनही मी थांबले नाही. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. तू या दारात उभा आहेस आणि दार तुझ्याशी गोड बोलतं आहे, हे डोळ्यांपुढे आणून मला फार बरं वाटतं आहे.

तू कंपनीला फोन करशील. ते मालकांची परवानगी मागतील. मालक माझ्याकडे आहेत.

एक गोष्ट लिहायची टाळत होते. दार उघडलं तेव्हा मला वाटलं, बाबा मला जवळ घेतील. ते उंबऱ्यातच थांबले. म्हणाले, "झाली का आठवण? दादा म्हणायचा, तिला वेळ नसतो. मी म्हटलं, असू दे, तिची कामं असतात." असं म्हणून माझी नजर चुकवून ते पिशवी शोधायला गेले. दादा, मला बाहेर ठेवलंस ते मी कदाचित गिळलं असतं. पण आत बसलेल्या म्हाताऱ्याला तू सांगितलंस की मुलगी येतच नाही.

मी त्यांना काहीही सांगितलेलं नाही. ओठांवर आलं होतं, परत ढकललं. मी सांगितलं तर ते भावाबहिणीचं भांडण होईल आणि बाबा दोघांनाही गप्प करतील. म्हणून ते मी तुझ्यासाठी ठेवलं आहे. तोवर त्यांनी मला विसराळू मुलगी समजलं तरी चालेल.

संध्याकाळपर्यंत आम्ही घरी पोचू. बाबांकडे फोन नाही, माझ्याच फोनवर कर, मी त्यांना देईन. तू दारात आहेस म्हटल्यावर ते लगेच उघडायला बघतील, मला त्यांचा स्वभाव माहीत आहे. पण कुठे, काय बोलायचं हे त्यांना मी दाखवल्याशिवाय जमत नाही आणि मी ते एकाच वाक्यानंतर दाखवणार आहे. 'बाबा, ती दर रविवारी येत होती, मीच तिला आत येऊ दिलं नाही.' मोठ्याने म्हण, त्यांना कमी ऐकू येतं. काकूंनी ऐकलं तर ऐकू दे.

मी त्यांच्या शेजारीच बसलेली असेन.

दर रविवारी आलेली,
तुझी धाकटी बहीण